रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

नाव, हॉस्पिटल, काही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'सिस्टर'. नाशकात रात्रपाळी करणाऱ्या कमी नाहीत, पण तुमचं तुम्हाला कळेल.

आमच्या ह्यांना तुमच्याकडे आणलं तेव्हा फाईल जाडजूड झाली होती. ताप, खोकला, थुंकीत रक्त, उतरलेलं वजन आणि एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत डाग. आपल्याकडे एवढं जुळलं की पहिलं नाव टीबीचंच येतं. आधीच्या ठिकाणी तेच झालं. थुंकीत टीबी निघाला नाही, तरी 'औषध सुरू करून बघू' चाललं होतं. अंबडला ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांचं घरी येणं थांबलं, ते वेगळंच.

तुम्ही खोकल्याचं काही विचारलंच नाहीत. मानेजवळच्या डायलिसिसच्या नळीवरची पट्टी बघत म्हणालात, "थंडी कधी वाजते?" मी म्हटलं, मशीनवर घेतलं की थोड्याच वेळात, अगदी दात वाजेपर्यंत. "दर वेळी?" हो, दर वेळी. हे मी आधीही सांगितलं होतं, पण कुणी लिहून घेतलं नव्हतं.

अँटिबायोटिकची बाटली स्टँडला लागली होती. तुम्ही ती बंद केलीत. "आधी कल्चर. औषध गेल्यावर जंतू सापडायचे नाहीत." ड्युटीवरचे छोटे डॉक्टर जरा वैतागले, तरी तुम्ही त्यांना फोन करायला लावलात. मग कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या, बाटल्यांची झाकणं स्पिरिटने पुसून वाळेपर्यंत थांबलात. एक रक्त नळीतून, एक उजव्या हाताच्या पंजावरून. डाव्या हाताला कुणाला सुई लावू दिली नाहीत, तो फिस्टुलासाठी, म्हणजे पुढे डायलिसिसला हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात त्यासाठी, राखायचा म्हणून. एवढ्या धावपळीत पुढच्या वर्षाचा हात सांभाळणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. टू-डी इकोत हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेवर जंतूंची गाठ दिसली. इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला, झडपेला जंतूंची लागण. आजार हृदयात आणि खोकला छातीत, हे मला काही केल्या उमगेना. तेव्हा तुम्ही एक्स-रेच्या पाकिटावर पेनाने काढून दाखवलंत: नळीतून जंतू रक्तात, तिथून उजव्या झडपेवर, झडपेवरची गाठ ठिसूळ, तिचे कण सुटतात आणि उजव्या बाजूचं रक्त सगळं आधी फुप्फुसातच जातं. फुप्फुस म्हणजे चाळणी, कण तिथेच अडकतात. म्हणून सीटी स्कॅनमध्ये डाग कडेकडेला होते, काही मधून पोकळ. डाव्या झडपेला झालं असतं तर कण मेंदूकडे, किडनीकडे गेले असते, आणि झडप गळायला लागून फुप्फुसात पाणी भरलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. ते पाकीट अजून कपाटात आहे.

पुढचं मोठ्या डॉक्टरांनी केलं, त्यांचेही आभार आहेतच. नळी काढली, सहा आठवडे सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, तेही डायलिसिस संपताना मशीनवरच. मध्येच उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती पू झाला आणि छातीत नळी घालावी लागली. औषध चालू असताना एक्स-रेत नवे डाग दिसले तेव्हा माझं अवसानच गळालं. तुम्ही म्हणालात, जंतू मरत असले तरी सुरुवातीला कण सुटू शकतात, ताप आणि कल्चर बघा. कल्चर स्वच्छ आलं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती, ऑपरेशन टळलं.

एक मात्र मनात राहिलंय. मानेत नळी असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर रक्ताचं कल्चर घ्यायला इतके हात का आखडतात? छातीचा फोटो मात्र लगेच निघतो.

आता फिस्टुला चालू आहे, त्याच डाव्या हातावर. मनगटाजवळ बोट ठेवलं की थरथर लागते. हे रोज सकाळी स्वतः बघतात आणि मलाही बघायला लावतात. कंपनीत अर्धा दिवस जायला लागलेत. ह्यांना मिठामुळे चिवडा बंद आहे, तेव्हा दिवाळीला ह्यांच्या वाटणीचाही तुमच्याकडे पोहोचता करणार आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
बेडशेजारच्या स्टुलावर बसून सारखे प्रश्न विचारणारी वहिनी