गड्या, आधी बोल अन् मंग लिही

प्रिय गड्या,

तुझा मेसेज वाचला, शेळीपालनावर पुस्तक लिहू का गावोगावी भाषणं देऊ म्हणून इचारतं. लेका, हे दोन वेगळे नाहीत, माह्यावर काय बितली ते सांगतो, थोडं लांबन.

वरुड तालुक्यात संत्र्याच्या नर्सऱ्या काय कमी आहेत का, शेंदुरजनाघाटले तं पावलोपावली कलमा मिळते. त्यात आपल्या नर्सरीचं नाव व्हावं म्हणून डिंक्यावर, म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक वाहाच्या रोगावर, 32 पानाची पुस्तिका काढली, 500 प्रती, किंमत 50 रुपये, वाटलं लोक लायनीनं येतीन. दिवाळीपर्यंत साठेक गेल्या, त्यातल्या निम्म्या पाहुण्यायले फुकट. बाकीचे गठ्ठे पलंगाखाली, अन् बायकोचे रोजचे टोमणे.

मंग एका गावच्या समाजमंदिरात बोलाले गेलो, पुस्तिकाच वाचून दाखवली. दहा मिनिटं झाले नसतीन तं थ्री फेज लाईन आली अन् अर्धे लोक मोटर चालू कराले उठले. घरी येऊन लाईनले शिव्या देल्या, पण भाषणात दम असता तं एखाद्यानं पोराले नसतं का धाडलं मोटरीवर?

पुढच्या गावाले कागद नेलाच नाही. प्लास्टिकच्या बादलीत बोर्डो पेस्ट, म्हणजे खोडाले लावाचा बुरशीवरचा लेप, केली, मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, दोन्ही वेगवेगळे भिजवून मंग एकत्र. पण चुना मुद्दाम आधी कमी टाकला अन् एका काकाचा इळा मांगून बुडवला. बाहेर काढला तं पात्यावर तांबूस थर! काका म्हणे, "अबे, माहा इळा नासवला का?" सारे हासले. उरलेला चुना टाकला, इळा घासून परत बुडवला, आता थर नाही. तांबूस थर आला म्हणजे चुना कमी, नाही आला म्हणजे पेस्ट बरोबर. हेच पुस्तिकेत अर्धं पान लिहिलं होतं, कोणाच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

गाडगेबाबा कीर्तनात लोकायलेच सवाल करत, ते कायले, मले तवा समजलं. आता मी लोकायचे प्रश्न वहीत उतरवतो. "कलमेचा जोड मातीत गेला तं काय होते?" हे तीन गावात इचारलं अन् माह्या पुस्तिकेत त्याचं उत्तरच नव्हतं! दुसऱ्या आवृत्तीत पहिल्याच पानावर टाकलं, जोड जमिनीपासून 9 इंच वर पाहिजे, नाहीतं बुरशी जोडावर चढते, माह्या नर्सरीतल्या कलमाही मोजूनच घ्या. भाऊ म्हणे येडा झाला का. आता लोक टेप घेऊन येते, मोजते अन् घेऊन जाते.

पुस्तिकेत पैसा नाही रे, छपाई निघते बस. पण भाषण त्याच संध्याकाळी संपते, पुस्तिका आलमारीवर पडून राह्यते, पावसाळ्यात खोडातून डिंक वाहाले लागला की कोणीतरी काढते अन् मांगच्या पानावरचा नंबर लावते. मांगच्या महिन्यात एका वहिनीचा फोन, भाषणाले नवरा आलता, वाचली तिनं, 200 कलमा बुक केल्या.

तू आधी पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यायच्या आंत्रविषार रोगाच्या लसीवर तीन गावात बोल, मंग पाहू पुस्तकाचं. अन् लाईनचा टाईम इचारून जात जाय. पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे अजून पलंगाखालीच आहेत, येशीन तवा एक घेऊन जाय, चुलीले कामी पडन.

तुझाच,
नर्सरीवाला