काकूंची हरभऱ्याची भाजी

दोस्ता,

काय गा, कसा आहेस? फोन होतो आपला आठवड्याला, पण फोनवर काही गोष्टी नीट सांगता येत नाहीत, तू ऑफिसमधून निघालेला असतोस, मागं हॉर्न वाजत असतात, म्हणून म्हटलं आज निवांत बसून लिहावं. दिवाळीनंतर तू एक विचारलं होतंस आणि मी तेव्हा काहीच बोललो नाही, आठवतंय काय? तू म्हणालास, आईची हरभऱ्याची भाजी कशी असायची ती लेकीला सांगायला गेलो आणि सांगताच येईना, आणि आता विचारायला आई नाही. त्या रात्री मला झोप आली नाही बघ. काकूंच्या हातची ती भाजी मी तुझ्याइतकीच खाल्लीय, बेळगावच्या वडगावात तुमच्या मागच्या पडवीत बसून, भाकरी कुस्करून. आणि मलापण सांगता येईना.

इकडची खबर आधी. आई दिवाळीत अंगणात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं, आता निघालंय पण अजून पिळणं, थापणं, घोटणं जमत नाही. हिची शाळा सकाळची, त्यामुळं स्वयंपाक माझ्याकडे आला. दुकान अकराला उघडतो, तोवर मी आणि गॅस. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथनं सांगते. बघत नाही सुद्धा, नुसत्या वासावरनं सांगते. "मोहरी तडतडली न्हाई अजून, जिरं घालू नको." "लसूण लाल व्हायला लागला, काढ आता खाली." मी पाठ करून उभा असतो आणि तिला तिथं बसून कळतं.

दोन महिन्यात मला एक गोष्ट पक्की कळली की थंडीत आपल्याकडं चव मसाल्याच्या डब्यातनं येत नाही, पाल्यातनं येते. तू म्हणतोस ना तिकडं पुण्यात कितीही मसाला घातला तरी भाजीला चव येत नाही, तर मला वाटतं आपण उलटं करतो, चव नाही म्हणून मसाला वाढवतो आणि मग जी थोडी होती तीपण मसाल्याखाली जाते. डिसेंबर-जानेवारीत गणपत गल्लीत सकाळी सातला जाऊन बघ एकदा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, चारी बाजूच्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात, मेथीच्या पेंड्यांना अजून माती ओली, कोथिंबीर अशी की पिशवीत घातली तर घरी येईपर्यंत रिक्षाभर वास. मुळा, शेपू, चाकवत, कांद्याची पात, लसणाची पात, पावट्याच्या शेंगा, मटार, सगळं एकदमच येतं. मी आधी महिन्याची भाजी आणल्यासारखी पिशव्या भरून आणायचो, आई म्हणाली रोज जा आणि रोजचं आण. मटार तर मी स्वतः बघितलं, सकाळी आणून लगेच सोलून खाल्ला तर साखर, तोच दोन दिवस ठेवला की पिठूळ. तू केमिस्ट्रीवाला, तुला माहीत असेल, तोडल्यापासनं त्यातली साखर पिठात बदलायला लागते म्हणे. गाजराचं उलटं, जमिनीत असताना थंडी लागली की ते गोड होतं, आपली ती केशरी बारकी गावठी गाजरं आहेत ना, कच्चीच संपतात घरात.

मेथी मी पहिल्यांदा केली तेव्हा झाकण ठेवून केली, काळपट हिरवी झाली आणि कडू. आई म्हणाली पालेभाजीवर झाकण घालायचं नसतं, वाफ जाऊ दे वर. आता उघडीच परततो, मोठ्या आचेवर, लसूण आणि हिरवी मिरची एवढंच, वरनं थोडं ओलं खोबरं. कोथिंबिरीची देठं मी फेकून द्यायचो, तर तीच वाटणात घालायची आणि पानं गॅस बंद केल्यावर. पान उकळत्यात पडलं की वास गेला, संपलं. एवढ्या साध्या गोष्टी घरात चाळीस वर्षं डोळ्यासमोर चालू होत्या आणि मी एकदाही आत डोकावलो नाही, याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

बरं, मसाल्याचं म्हणतोस तर मिरचीचं सांगतो. रविवार पेठेत गेलो होतो वर्षाची चटणी करायला मिरच्या आणायला. (पुण्यात तुझ्या बायकोला चटणी म्हटलं की शेंगदाण्याची चटणी वाटते, आपल्याकडं चटणी म्हणजे तिखट, हे तिला अजून पटलेलं नाही, मला आठवतंय.) आई नेहमी दोन मिरच्या मिसळायला लावते, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी झणक्याला. ब्याडगी ती सुरकुतलेली, हावेरीकडची, २०११ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिखट कमी पण तेलात टाकली की कट कसा लालभडक येतो. संकेश्वरी लांब, बारीक, आणि दरवर्षी महाग. नुसती ब्याडगी घेतली तर आमटी दिसते छान पण खाल्ल्यासारखं वाटत नाही, असं आईचं म्हणणं. आणि हे दिवस ओल्या लाल मिरचीचे, तेव्हा रंजका, म्हणजे त्या मिरचीचा आंबट-तिखट ठेचा केला. धुताना मिरचीचं देठ काढायचं नाही, आधी धुवायची, कापडावर एक दिवस पूर्ण कोरडी करायची आणि मग देठं काढायची, नाहीतर देठाच्या भोकातनं पाणी आत जातं आणि रंजका खराब होतो. मीठ, लिंबू, भाजलेली मेथी, हिंग, लसूण, थोडा गूळ. एक बाटली तुझ्यासाठी भरून ठेवलीय.

ओली हळद पण आणली, हात अजून पिवळे आहेत. तिचं आलं घालून लिंबाच्या रसातलं लोणचं केलं.

आता मूळ गोष्टीवर येतो, ज्याच्यासाठी हे पत्र.

मी ठरवलं काकूंची भाजी करून बघायची. मार्केटमधनं हरभऱ्याचा पाला आणला, कोवळा होता, चांगला तीनदा धुतला, बारीक चिरला, शिजवला, डाळ घालून घोटला, लसणाची फोडणी दिली. झाली भाजी. पण ती दुसऱ्या कुठल्याही पाल्याची असती तरी चाललं असतं अशी. काकूंच्या भाजीला एक आंबटपणा असायचा, चिंचेचा नाही, टोमॅटोचा तर नाहीच, जिभेच्या कडेला झिणझिण करणारा, खारट पण म्हणता येईल. मी पुढच्या वेळी चिंच घातली. मग ताक घालून बघितलं, ते तर चाकवतासारखं लागलं. चारदा केली बघ. चौथ्यांदा मी आईला वाटीत दिली आणि विचारलं, काकू यात घालायच्या काय? आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "काय घालायच्या न्हाईत. तू धुतलास काय रे पाला?"

म्हटलं होय, तीनदा.

"मग गेलं की सगळं पाण्यात."

दोस्ता, हरभऱ्याचा पाला धुवायचा नसतो. त्याच्या पानावर बारीक लव असते, तिच्यातनं आंब, म्हणजे आंबट रस सुटतो, आणि ती धुतली की चव गेली. आईनं सांगितलं की तिच्या माहेरी पहाटे हरभऱ्यावर पांढरं पातळ धोतर पसरायचे, दव आणि आंब त्यात भिजायची, ते पिळून बाटलीत भरून ठेवायचे, पोटात दुखलं की थोडीशी पाण्यातनं द्यायचे. मी नेटवर बघितलं तर मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड असतं त्यात. तू हे माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

पण मार्केटचा पाला न धुता कसा खाणार, त्याच्यावर काय मारलंय कुणाला माहीत. काकूंना तर त्यांच्या माहेरनं यायचा, हुक्केरीकडनं, पोत्यात, तुला आठवत असेल, पोतं सोडलं की सगळ्या घरात तो वास. म्हणून मी मागच्या रविवारी मामाकडं संकेश्वरला गेलो. पहाटेची पहिली बस धरली, स्वेटर, मफलर, तरी खिडकीतनं वारं येत होतं. मामाचा ऊस सगळा नदीकडं, हिरण्यकेशीच्या बाजूला, पण वरच्या काळ्या रानात त्यानं घरापुरता हरभरा टाकलाय, शाळवाच्या म्हणजे ज्वारीच्या कडेनं, आणि त्याच्यावर अजून औषध मारलेलं नाही. मामी म्हणाली लवकर आलास ते बरं झालं, फुलं धरली की पाला निबर होतो, मग खुडत नाहीत.

उजाडायला लागलं होतं तेव्हा आम्ही रानात होतो. प्रत्येक रोपाचा शेंडा, दोन बोटं लांब, नखानं खुडायचा. खुडल्यानं रोप मरत नाही, उलट खालनं फांद्या फुटतात आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, जास्त लागतात, म्हणून मामी म्हणते भाजी ही रानानं दिलेली फुकटची. दहा मिनिटांत माझ्या बोटांना चुरचुर सुटली. नखाच्या कडेला एक जुनी चीर होती तिथं झोंबायला लागलं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि ती वाळल्यावर कापडावर पांढरट डाग. मी बोट चाटलं. आणि उभाच राहिलो तिथं, कारण तीच चव होती, काकूंच्या पितळीतली, बत्तीस-तेहतीस वर्षांनी. मामी विचारायला लागली काय झालं, मी म्हटलं काही नाही.

घरी येऊन त्याच रात्री केली. माती नव्हती, नुसता झटकून, निवडून, न धुता चिरला. आईनं यावेळी खुर्ची आत ओढून घेतली. ती म्हणाली काकू बेसन लावायच्या नाहीत, शाळवाचं पीठ लावायच्या, कारण त्यांच्या माहेरी तसंच, आणि त्या तिला भाजी म्हणायच्याच नाहीत, कडली पल्ले म्हणायच्या. हे मी विसरलोच होतो बघ! तुमच्या घरात काकूंची कानडी आणि काकांची मराठी एकाच ताटात असायची, भरल्या वांग्याला काका भरली वांगी म्हणायचे आणि काकू एण्णगाई, आणि आपण दोघं दोन्ही नावांनी मागून दोनदा घ्यायचो. लेकीला हेपण सांग. भाजीबरोबर तिचं नावपण सांग.

जेवायला बसलो तेव्हा आई पहिला घास खाऊन गप्प बसली. मग म्हणाली, "वैनींची हाय ही." बास, मला अजून काय पाहिजे.

ताजा पाला पुण्यापर्यंत टिकणार नाही, म्हणून उरलेला सगळा मी वरच्या खोलीत धोतरावर पसरून सावलीत वाळवला, उन्हात नाही, उन्हात रंग जातो. तीन दिवसांत कुरकुरीत झाला, तळहातावर चुरून डब्यात भरलाय. एवढा मोठा ढीग वाळून दीड डबा झाला. आक्काचा मुलगा शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला येतोय, त्याच्याकडं देतो.

आता कसं करायचं ते नीट वाच. दोन मुठी पाला घे, धुवायचा नाही हे तर झालंच. तीन वाट्या कोमट पाण्यात पाव तास भिजव आणि ते पाणी टाकू नको, सगळी आंब त्यातच उतरते, त्यातच शिजवायचा. मूठभर तुरीची डाळ वेगळी शिजवून घे, मूठभर शेंगदाणे भिजवून. पाला मऊ झाला की डाळ, शेंगदाणे, तीन-चार हिरव्या मिरच्या ठेचून घाल आणि रवीनं घोट, मिक्सर लावू नको, त्याचा चिकट लगदा होतो. एक चमचा शाळवाचं पीठ गार पाण्यात कालवून सोड आणि ढवळत रहा, गुठळी धरते. मीठ अगदी शेवटी, आणि चाखून, कारण पाल्यातच खारेपणा असतो. फोडणी सगळ्यात शेवटी, तेल जरा हात सोडून, मोहरी, आणि लसणाच्या दहा-बारा पाकळ्या नुसत्या ठेचलेल्या, एक सुकी लाल मिरची. हळद नाही. गरम मसाला तर अजिबात नाही, तुझा हात तिकडं जाईल, जाऊ देऊ नको.

आणि भाकरीबरोबर खा, चपातीबरोबर नको. भाकरी जमत नसेल तर लेकीला आणि वहिनीला घेऊन भोगीला इकडंच ये, तेरा तारखेला. आई म्हणतेय तीळ लावून बाजरीची भाकरी ती स्वतः थापणार, डॉक्टरांनी मनगटाला व्यायाम सांगितलाय तर हाच व्यायाम. भोगीच्या भाजीला वाल, गाजर, वांगी, ओला हरभरा, बोरं, सगळं मी आणून ठेवतो, येळ्ळूरचा बासमती पण घेऊन ठेवलाय. घाटे पण भरायला लागतील तोवर, मामाकडं एक चक्कर मारू, लेकीला रान दाखवू. तिला बोट चाटायला सांगू.

रंजक्याची बाटली सरळ उभी ठेव, आडवी केली तर तेल गळतं. आणि डबा आईचा आहे, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला, तो परत आण.

तुझा,
शहापूरचा दोस्त