रांजणवाडीला थेंब नको, शेक द्या

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या घरगुती उपायांच्या सदरात मागच्या आठवड्यात रांजणवाडीवर लवंग नाहीतर खारकेची बी उगाळून लावायला सांगितली होती. इथे रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. अंक आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजातली एक मुलगी रुमालाने डोळा झाकून काउंटरशी उभी. लवंगेचा लेप पापणीवरून डोळ्यात उतरला होता आणि मूळ दुखण्यापेक्षा त्याचीच आग जास्त होत होती. भरपूर पाण्याने डोळा धुवायला लावला आणि तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. लवंग दाढेखाली ठीक, पण तिचं तेल बुबुळावर जाता कामा नये, एवढं तरी त्या सदरात यायला हवं होतं.

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा पापणीतल्या तेलग्रंथीत झालेलं बारीक गळू. ते करणारा जिवाणू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, जो एरवीही आपल्या कातडीवर आणि नाकात मुक्कामाला असतो. आपलाच हात त्याला पापणीपर्यंत नेतो. आम्ही इंदूरकर पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरून खाणार, हात पँटला पुसणार आणि दुचाकीवर धूळ गेली की त्याच बोटाने डोळा चोळणार! कुणाच्या रांजणवाडीकडे बघितल्याने मात्र ती होत नाही. टॉवेल आणि काजळ वेगळं ठेवलं की पुरे, पोरांना घरात तोंड लपवून बसवायची गरज नाही.

पापणीच्या कडेशी अशा तेलग्रंथी ओळीने असतात, वरच्या पापणीत साधारण तीस आणि खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांच्या तेलामुळे अश्रू पटकन सुकत नाहीत. ग्रंथीचं तोंड बंद झालं की आतलं तेल थंडीतल्या तुपासारखं थिजून बसतं. ते पातळ करायला ऊब लागते, म्हणून शेक. तळहातावर बोट घासून डोळ्याला लावायची आजीची रीत दिशेला बरोबर होती, पण ती ऊब क्षणभराची, आणि बोट धुतलेलं असेलच असं नाही.

शेक कसा द्यायचा हे सांगायला मला काउंटरवर निवांत वेळ मिळत नाही, म्हणून इथे लिहिते. हात साबणाने धुवा. स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापणीवर ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत ते गार होतं आणि लोक तिथेच थांबतात. नंतर ‘शेकाने काही फरक नाही’ म्हणून परत येतात. शेजारी थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, फडकं पुन्हा पुन्हा बुडवा आणि सलग दहा-पंधरा मिनिटं शेका. असं दिवसातून तीन-चार वेळा. तव्यावर रुमाल तापवून लावू नका. शरीरावरची सगळ्यांत पातळ कातडी पापणीची, ती भाजते. शेकानंतर हलक्या हाताने मसाज चालेल, पण पिवळं तोंड दिसलं म्हणून दाबायचं नाही. दाबलं की पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो. आपोआप फुटली तर पुसून घ्यायचं. बहुतेक रांजणवाड्या आठवडा-पंधरा दिवसांत जातात. तोवर काजळ, मस्कारा आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद.

या सगळ्याऐवजी गिऱ्हाइकाला हवी असते ती बाटली. ‘काकू, गुहेरी की कोई ड्रॉप दे दो, वो जो पिछली बार दी थी उनको.’ गुहेरी म्हणजे रांजणवाडी, ‘उनको’ म्हणजे शेजाऱ्यांना, आणि त्यांना ती डॉक्टरांनी वेगळ्याच कारणासाठी दिलेली असते. अँटिबायोटिकमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेले थेंब लालपणा चटकन उतरवतात, म्हणून ते लोकांचे लाडके. पण स्टेरॉइडने संसर्ग बळावू शकतो आणि असे थेंब महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. अशा काचबिंदूत बहुधा दुखत नाही, म्हणून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्यातलेच काही जण विकतात हे मला ठाऊक आहे, आणि मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं हेही. बरं, शेकायला लागणारं फडकं आणि पाणी माझ्याकडून विकत घ्यावं लागत नाही, तेव्हा यात माझा धंदा शोधू नये.

रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, आणलेली अर्धी बाटली दिवाळीला डोळ्यात घालणारेही आहेत. उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्यायची असते, झाकणावर तारीख कितीही पुढची असो.

काजळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण वारंवार रांजणवाडी होते म्हणून येणाऱ्यांत मुली पुष्कळ असतात. पापणीच्या आतल्या कडेवर काजळ ओढतो ना, नेमकी तिथेच त्या तेलग्रंथींची तोंडं उघडतात. रोज लावणार असाल तर रात्री झोपण्याआधी नीट काढा. मस्कारा तीन महिन्यांनी बदला. लग्नघरात एकाच कांडीने सगळ्या बहिणींचे डोळे भरायची हौस सोडा. पापण्यांच्या मुळाशी कोंडा दिसत असेल तर त्याचे उपचार नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्या, नाहीतर रांजणवाडी येतच राहील. आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह असल्याचं कधी कधी असंच कळतं.

सूज गालाकडे पसरली, ताप आला, डोळा उघडेना, बुबुळ हलवताना दुखलं, एकाचे दोन दिसू लागले, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर इथल्या एम. वाय. रुग्णालयात जा. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका.

दुखणं थांबलं पण वाटाण्याएवढी गाठ राहिली, तर ती बहुधा कॅलेझिऑन. तिच्यात संसर्ग नसतो, तुंबलेलं तेल असतं. शेकाने ती काही आठवड्यांत विरू शकते. नाही विरली तर पापणी उलटवून आतल्या बाजूने छेद देऊन काढतात. काम थोडक्या वेळाचं, बाहेर व्रण दिसत नाही.

मात्र वय झालेल्या माणसाला एकाच जागी गाठ परत परत येत असेल, किंवा तिथले पापणीचे केस गळत असतील, तर तिला रांजणवाडी म्हणून सोडून देऊ नका. त्याच तेलग्रंथींचा कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे त्याचं प्रमाण जास्त आहे. अशी गाठ काढली की तिचा तुकडा तपासणीला पाठवणार ना, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आपली,
एक औषधविक्रेती
रामबाग, इंदूर