दुपटीच्या भाताची काळजी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा मी प्रेशर कुकरमध्ये सुशीचा भात केला आणि तो जमला. बरा झाला असे नव्हे; जमला. दाणा अखंड होता, त्यावर चकाकी होती, बोटांच्या चिमटीत शेजारच्या दाण्याला धरून राहत होता आणि तोंडात गेला की सुटा होत होता. घरच्यांनी 'छान आहे' म्हटले आणि पुढच्या वेळी काकडी जास्त घालण्याची सूचना केली. यापलीकडे त्यात काही घडले आहे, हे त्यांना पटवून देण्याचा नाद मी सोडला. कुकरमध्ये भात शिजत नाही, त्याला शिक्षा होते, असे ज्याने मला वर्षानुवर्षे ऐकवले त्यालाच हे कळवणे भाग होते, म्हणून हे पत्र.

प्रकृती ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले आणि ती आता सगळ्यांच्या चष्म्यांवरचे डाग दाखवत फिरते.

आता मुख्य चिंता. मास्तर कायमचे परत आले आहेत आणि येत्या शनिवारी जेवायला येणार आहेत. लंबू सहकुटुंब येतो आहे. परवाचा भात तिघांपुरता होता, शनिवारी त्याच्या दुप्पट लागेल. मास्तरांनी जपानमधल्या ओसाकात इतकी वर्षे काढली आहेत, त्यामुळे ते तोंडाने काही बोलणार नाहीत. ते कडेकडेने भात सारून ठेवतील आणि 'पोट भरले' म्हणतील, आणि त्याचा अर्थ काय होतो हे तुला आणि मला सोडून कोणाला माहीत नाही. म्हणून जमलेला भात दुप्पट करताना काय दुप्पट होते आणि काय होत नाही, या एका प्रश्नाने मला दोन दिवस घेरले आहे.

तुझा जुना मुद्दा मी विसरलेलो नाही. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये जे बंद भांडे दाखवले ते हाडे मऊ करण्यासाठी होते, आणि हाडे मऊ करण्याच्या यंत्रात तांदूळ घालणाऱ्याने दाण्याची अपेक्षा धरू नये, असे तू म्हणत असस. वाक्य इतके झकास होते की त्याला उत्तर देणे अरसिकपणाचे वाटे. आज देतो. तांदळातला स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगू लागतो. कुकरमध्ये १५ पौंडांच्या दाबाला तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे दाणा लवकर शिजतो आणि थोडा अधिक चिकट होतो. सुशीला तेवढा चिकटपणा चालतो. दाण्याचा घात होतो तो दाब चढताना नव्हे, एकदम उतरताना. दाण्याच्या आतले पाणीही तेवढेच तापलेले असते, आणि वाफ एकाएकी सोडली की ते आतल्या आत उकळून दाणा फोडते. मग फुटलेल्या दाण्यांतला स्टार्च पाण्यात उतरतो आणि त्याचा फेस झडपेपर्यंत चढतो. चिमट्याने शिट्टी उचलण्याचा तुझा तो प्रयोग आणि त्यानंतर छतावर उमटलेला नकाशा आठवतो ना? घरमालकांनी त्याला ओल समजून वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडण काढले आणि आपण दोघे मान हलवत उभे राहिलो.

प्रत्येक शिट्टी म्हणजे त्याच प्रयोगाची लहान आवृत्ती असते, एवढे ध्यानात आल्यावर माझे निम्मे काम झाले. शिट्टी होते तेव्हा दाब क्षणभर उतरतो, भांड्यातले पाणी खवळते, दाणे एकमेकांवर घासतात, आणि तांदूळ थेट कुकरमध्ये वैरलेला असेल तर जी वाफ बाहेर पडते ती त्याच्याच वाट्याच्या पाण्याची असते. मोजून घातलेल्या पाण्याला मग अर्थ राहत नाही. म्हणून मी तांदूळ डब्यात घातला, डबा कुकरमध्ये जाळीवर ठेवला आणि खाली वेगळे पाणी घातले. शिट्टीने जे न्यायचे ते खालचे पाणी नेते. डब्यातले पाणी जवळजवळ स्थिर राहते. डब्यावर ताटलीही झाकली, कारण कुकरच्या झाकणावरून ओघळणारे पाणी वरच्या थरात पडले तर तेवढाच भाग गिचका होतो.

भांड्यात भांडे ठेवून भात शिजवण्याला तू आळशी माणसाची युक्ती म्हणायचास. तोशिबाने डिसेंबर १९५५ मध्ये जो पहिला स्वयंचलित विजेचा राइस कुकर बाजारात आणला, तो याच युक्तीवर चालत होता. आतल्या भांड्यात तांदूळ, बाहेरच्या भांड्यात थोडे पाणी. ते पाणी आटून संपले की तापमान १०० अंशांच्या वर चढे आणि त्या उष्णतेने धातूची दुहेरी पट्टी वाकून वीज बंद होई. ती रचना योशितादा मिनामी यांची, आणि भात पुन्हापुन्हा शिजवून तपासण्याचे कंटाळवाणे काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले. जगातल्या निम्म्या शोधांची हीच वाटणी असावी, असे आमच्याकडून कोणी म्हणाले. कोण ते तू ओळखले असशील.

परवाची कृती नोंदवून ठेवतो, म्हणजे शनिवारी बिघडले तर तुला बोट ठेवायला जागा मिळेल. तांदूळ आखूड दाण्याचा जपानी जातीचा हवाच, कारण लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज, म्हणजे न चिकटणारा स्टार्च, जास्त असते आणि शिजल्यावर दाणे एकमेकांना विचारत नाहीत. मला कोशिहिकारी मिळाला. ही जात १९५६ पासून या नावाने लावली जाते आणि चांगलीच चिकट आहे. मास्तर सासानिशिकीचे नाव काढतील, कारण तो भात जरा मोकळा असतो म्हणून सुशीवाले त्याची स्तुती करतात. त्यांनी नाव काढले तर मी विषय बदलणार आहे.

तांदूळ ३०० ग्रॅम घेतला. जपानी मापाने ही दोन कप होतात, कारण तिथला तांदळाचा कप १८० मिलिलिटरचा असतो आणि त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. तो चोळून नव्हे तर हलक्या हाताने, पाणी जवळजवळ निवळ होईपर्यंत धुतला, अर्धा तास भिजवला आणि रोवळीत चांगला निथळला. भिजताना दाणा अपारदर्शक होत जातो आणि शेवटी खडूसारखा पांढरा दिसतो. त्याने आपल्या वजनाच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक पाणी त्याच वेळी पिऊन घेतलेले असते. ही पायरी गाळली तर दाण्याची बाहेरची बाजू मऊ होते आणि आत बोटचेपी कणी राहते, आणि ती कणी घालवण्यासाठी पाणी वाढवले की सगळाच लगदा होतो. निथळलेल्या तांदळावर कोरड्या तांदळाच्या मापाएवढेच, म्हणजे ३६० मिलिलिटर पाणी घातले; मागाहून व्हिनेगर शिंपडायचे असते, म्हणून त्याहून अधिक घालायचे नाही. कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, तुकडा त्या पाण्यात थोडा वेळ ठेवून झाकण लावण्यापूर्वी काढून घेतला. पहिल्या शिट्टीची चाहूल लागताच आच अगदी मंद केली, आठ-दहा मिनिटांनी गॅस बंद केला, आणि मग कुकरला हात न लावता वाफ आपोआप जिरू दिली. या शेवटच्या पंधरा मिनिटांत आई तीन वेळा येऊन 'उघड की आता' म्हणाली. मी उघडला नाही.

आता दुपटीचे गणित. उघड्या पातेल्यात तांदूळ दुप्पट केला तरी पाणी दुप्पट लागत नाही, कारण वाफेवाटे उडणारे पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरते, तांदळावर नव्हे. झाकलेल्या डब्यातून जवळजवळ काहीच उडत नाही, त्यामुळे येथे पाणी सरळ दुप्पट होते. इथवर मला खात्री आहे. खालचे पाणी मात्र दुप्पट करायचे नाही, वेळेला पुरेल इतकेच ठेवायचे. घोडे अडते ते थराच्या जाडीपाशी. ६०० ग्रॅम तांदूळ एकाच डब्यात घातला तर थर दुप्पट उंच होतो, आणि ज्या स्थिर पाण्याने दाणा अखंड राहिला तेच पाणी आता आड येते, कारण खळबळ नसल्यामुळे उष्णता कडेकडून आत सावकाश जाते. मधला भात शिजेपर्यंत कडेचा लगदा होऊ पाहतो; कडेचा नेमका शिजतो तेव्हा मध्ये कणी असते. वेळ वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही, थर उथळ ठेवणे हा आहे. म्हणजे एकावर एक दोन डबे, प्रत्येकात परवाइतकाच तांदूळ. पण दोन डबे आणि खालचे थंड पाणी तापायला वेळ जास्त लागेल, म्हणजे पहिल्या शिट्टीपूर्वीच तांदूळ कोमट पाण्यात अधिक काळ बसेल, आणि त्याचा हिशेब शिजण्याच्या मिनिटांत कसा धरायचा, येथे माझी गाडी थांबते. खाली आधीच उकळते पाणी घातले तर हा फरक बराचसा भरून निघावा असे मला वाटते. दुसरा मार्ग म्हणजे दोन वेळा शिजवायचे. व्हिनेगर लावलेला भात ओल्या फडक्याखाली काही तास चांगला राहतो. पण एक घाणा निवलेला आणि एक कोमट असे दोन भात मास्तरांच्या बोटांना लगेच कळतील.

फ्रीजचा सल्ला देऊ नकोस. शिळा गार भात उभ्या-उभ्या खाण्याची तुझी सवय अजून गेली नसेल, तरी गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानालाच शिजलेला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो, आणि सुशीचा भात तिथे गेला की दाणे रेतीसारखे होतात.

भात शिजल्यावरही दुपटीचा जाच संपत नाही. व्हिनेगर गरम भातावरच घालावे लागते, आणि उलथने उभे धरून भात कापत मिसळावे लागते. ढवळले की संपले. जपानी लोक त्यासाठी पसरट लाकडी घंगाळ वापरतात, ते जास्तीचा ओलावा शोषून घेते. माझ्याकडे स्टीलची परात आहे. ती ओली करून पुसून घेतली, भात पसरला, एका हाताने मिसळत राहिलो आणि दुसऱ्याने वर्तमानपत्राची घडी हलवत राहिलो, तेव्हा पृष्ठभागावरचा ओलावा उडून ती चकाकी आली. दुप्पट भाताला परात हीच पुरेल, पण ढीग उंच होईल आणि खालचा दाणा चिरडेल, तेव्हा वारा घालायला लंबूला उभे करावे असा विचार आहे. त्या देहाचा काहीतरी उपयोग व्हावा. कुकरच्या अल्युमिनियमच्या डब्यातच व्हिनेगर ओतण्याचा मोह मात्र टाळायचा, कारण आम्लाने तो धातू खाल्ला जातो आणि भाताला त्याची चव लागते.

गोडाचा प्रश्न राहिला. परवा ३०० ग्रॅम तांदळाला ६० मिलिलिटर राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ घातले, साखर विरघळेल इतपतच कोमट केले आणि उकळी येऊ दिली नाही, नाहीतर आंबटपणा उडून जातो. ओसाकाकडे भात टोकियोपेक्षा गोड करण्याची रीत आहे. टोकियोकडची निगिरी, म्हणजे हाताने वळलेली सुशी, वाढली तीच मुळी सके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून केलेल्या तांबूस व्हिनेगरवर, जे हांदा गावात १८०४ पासून बनू लागले. त्याला स्वतःचीच चव असल्यामुळे साखरेची फार गरज नव्हती. माझ्या जिभेला परवाचे प्रमाण पुरेसे गोड आहे, पण मास्तरांची जीभ आता कोणत्या शहराची झाली आहे हे तू ओळखशील, कारण शेवटचे तूच त्यांच्याकडे राहून आलास.

तुझे काय चालले आहे? बदलीचे निश्चित झाले का? वहिनींच्या परीक्षेचा निकाल लागला असेल तर पेढे न पाठवता फोन तरी कर. धाकट्याने तबला सोडला हे ऐकून वाईट वाटले, शेजाऱ्यांना बरे वाटले असेल. सविस्तर लिही.

त्याआधी शुक्रवारपर्यंत एवढेच कळव: दोन डबे एकदम लावू, की दोन वेळा शिजवू? दोन डबे म्हणालास तर शिजण्याची मिनिटे किती धरायची तेही लिही. उलट टपाली 'पातेल्यात कर' असे लिहिलेस तर मी पत्र न उघडल्याचे सांगेन आणि दोन डबेच लावीन.

तुझा,
कुकरवाला