ई-क्लासवर सोलर टाकायच्या आधी गावाला विचारा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीवर, होणाऱ्या सोलर प्रकल्पाला गावकऱ्यांचा विरोध अशा बातम्या आजकाल पेपरात येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की खेड्यातले लोकं आडवे येतात, म्हणून हे पत्र. सोलर आम्हाला पाहिजेच आहे. इकडे शेतीची लाईन एक हप्ता दिवसा तर दुसरा हप्ता रात्री, हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत बारा वाजता वावरात जा, साप आहे, रानडुक्कर आहे, काही भागात तर वाघ आहे, माणूस परत येईपर्यंत घरचे जागे राहतात. दिवसा लाईन कोणाला नको आहे? कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाची राख विदर्भानेच खाल्ली ना इतके वर्षं. आणि शेतीला सोलरची दिवसा लाईन द्यायच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगासाठी २०१७ ला राळेगणसिद्धीसोबत आपल्या यवतमाळचंच कोळंबी निवडलं होतं.

भांडण आहे जागेचं. आमची ई-क्लास कागदावर पडीक दिसते, पण पावसाळ्यात सगळी वावरं पेरलेली असतात, दुसऱ्याच्या धुऱ्यावर ढोर गेलं तरी कज्जा होतो, तेव्हा गायकी अख्ख्या गावाची ढोरं तिथंच नेतो अन् ज्या बाईजवळ गुंठाभर वावर नाही तिच्या दोन बकऱ्या तिथंच चरतात. मोजणीवाले येऊन खुणा करून गेले तेव्हा गावाला कळलं. कुंपण झालं की तलावावर जायची ढोरांची वाटही बंद.

बरं, याच योजनेत खाजगी जमीन भाड्याने घ्यायची सोय आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ. ज्या बरड वावरात सोयाबीनचा लागतखर्च निघत नाही ते द्यायला आमच्या इथले लोकं तयार आहेत, त्यांना कोणी विचारलं नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, चांगली गोष्ट आहे, पण ते ३ वर्षं, आणि वीज विकायचा करार २५ वर्षांचा. एवढे वर्षं ढोरं कुठं न्यायची हे कोणी सांगत नाही.

मोजणीच्या आधी ग्रामसभा घ्या, नकाशा चावडीवर लावा, ढोरांची वाट अन् तलाव कुंपणाच्या बाहेर ठेवा, बरड वावरवाल्यांचे अर्ज आधी पाहा. साहेब लोकं स्वतः ग्रामसभेत येऊन बसले तर जागा त्याच दिवशी दाखवायला आम्ही तयार आहो.

– एक शेतकरी, जि. यवतमाळ