गस्त कुठे गेली? ग्वाल्हेरहून गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री महोदय,
मध्यप्रदेश शासन, भोपाळ

सविनय नमस्कार.

गृहखाते आपण स्वतःकडेच ठेवले आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ढोलीबुवांच्या मठातून कीर्तन ऐकून परतताना, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी माझ्या पत्नीच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसकावले. ती फरफटत खाली पडली, उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि मानेवरचा वळ अजून काळानिळा आहे. तेव्हा रात्रीचे नऊही वाजले नव्हते आणि दुकाने उघडी होती.

आमच्या भागात असे प्रकार पूर्वीही घडले होते. त्यानंतर मोहल्ल्याच्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता की दिवेलागणीपासून रात्री अकरापर्यंत दोन आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, रोज पायी गस्त घालतील आणि बीट प्रभाऱ्याचा, म्हणजे आमच्या गस्ती हद्दीच्या प्रमुखाचा, मोबाइल क्रमांक चौकात लावला जाईल. फलक लागला, पण त्यावरचा क्रमांक आता बदली होऊन गेलेल्या माणसाकडे लागतो. गस्त नवरात्र संपेपर्यंत चालली आणि त्यानंतर ती का थांबली, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन केल्यावर पोलिसांची गाडी आली, आणि तिच्यातल्या तरुण आरक्षकाने पत्नीला आधार देऊन रुग्णालयात पोहोचवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. अपमान झाला तो पोलीस थाण्यात. आधी आम्हाला सांगण्यात आले की घटनेची जागा शेजारच्या थाण्याच्या हद्दीत येते. मी आग्रह धरला तेव्हा सल्ला मिळाला की मंगळसूत्र वाटेत पडून हरवले असा अर्ज द्या, म्हणजे सगळ्यांचेच काम सोपे होईल. महोदय, त्या वेळी माझ्या पत्नीच्या डाव्या मुठीत तुटलेला सर आणि दोन वाट्यांपैकी रस्त्यावर सापडलेली एक वाटी होती, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये होता. माझ्या आईने लग्नात तिच्या गळ्यात घातलेला तो दागिना होता. हरवलेल्या वस्तूच्या अर्जावर सही करायला तिने नकार दिला, तेव्हा आम्हाला बाकावर बसवून ठेवले आणि रात्री उशिरा रिकाम्या हाताने घरी पाठवले.

1 जुलै 2024 पासून देशात लागू झालेल्या कायद्यांचा आपल्या शासनाने मोठा प्रचार केला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 मध्ये हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि दुखापत करून नेले तर प्रकरण कलम 309 च्या लुटीपर्यंत जाते. फौजदारी प्रक्रियेच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 म्हणते की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, थाण्याने माहिती नोंदवून घ्यावी आणि प्रत विनामूल्य द्यावी. त्याआधी, 2013 सालीच, सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली होती. हे सर्व मी, एक निवृत्त शिक्षक, वाचून सांगू शकतो. मग थाण्यातल्या टेबलामागच्या माणसाला ते ठाऊक नाही असे मी मानू शकत नाही. त्याने नोंद टाळली, कारण नोंद टाळण्यातच त्याचे हित आहे. ज्या थाण्याचे आकडे वाढतात त्याच्या टीआयला, म्हणजे थाणे प्रमुखाला, मासिक बैठकीत जाब द्यावा लागतो.

माझे खरे म्हणणे इथून पुढे आहे. गस्त कुठे घालायची, नाकाबंदी कुठे करायची, कोणत्या बीटवर माणसे वाढवायची, हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरते. आमच्या गल्लीतली हिसकावणी 'हरवले' म्हणून लिहिली गेली, तर पोलिसांच्या नकाशावर आमची गल्ली शांत दिसणार. शांत गल्लीतली गस्त उचलून दुसरीकडे नेणार, आणि चोराला मोकळे रान मिळणार. हिसकावणीत चोर काही क्षणांत पसार होतो आणि दागिना लवकरच वितळतो, त्यामुळे नंतरच्या तपासाने फार थोडे हाती लागते. हा गुन्हा थांबतो तो आधीच, गल्लीत दिसणाऱ्या पोलिसामुळे. पूर्वीच्या बीट आरक्षकाला कोणत्या घरात नवा भाडेकरू आला आणि तुरुंगातून कोण सुटून आले, हे ठाऊक असे. स्मार्ट सिटी योजनेत 2016 साली ग्वाल्हेरची निवड झाली, शहरात कॅमेरे लागले. कॅमेऱ्याने घटना दिसते. पडणाऱ्या बाईला कोणी सावरत नाही.

आमच्या थाण्याची माणसे असतात तरी कुठे? डिसेंबरमध्ये तानसेन समारोह येतो, पाठोपाठ 1905 पासून चालत आलेला व्यापार मेळा, मधूनमधून मंत्र्यांचे दौरे, कधी निवडणूक. प्रत्येक बंदोबस्तासाठी पहिला हात घातला जातो तो बीटवरच्या माणसांवर, कारण गस्त बंद पडल्याची तक्रार करणारा कोणी बडा माणूस नसतो. ऑगस्ट 2025 मध्ये डायल 112 साठी 1200 वाहने दिल्याचे आपण जाहीर केले. राज्यात 55 जिल्हे आहेत; सरासरीने एका जिल्ह्याला बावीसही येत नाहीत. ग्वाल्हेरला त्याहून जास्त मिळाली असतील, तरी लश्कर, मुरार, जुने ग्वाल्हेर आणि सभोवतालचा ग्रामीण भाग एवढ्यात सांभाळला जातो असे मला कोणी पटवून द्यावे.

या आरक्षकांवर माझा राग नाही. 2019 च्या जानेवारीत त्यांना साप्ताहिक सुट्टी देण्याचा आदेश निघाला, आणि ती सुट्टी टिकली नाही. थकलेला माणूस गस्त काय घालणार? राग आहे तो अशा व्यवस्थेवर, जी 1857 नंतर रयतेला धाकात ठेवण्यासाठी इंग्रजांनी केलेल्या 1861 च्या पोलीस कायद्यावर आजही चालते. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह प्रकरणात तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्यास आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमण्यास सांगितले. एकामागून एक सरकारे आली आणि गेली, आणि माझ्यासारख्याने दाद मागायची ती अजूनही त्याच खात्याच्या वरच्या साहेबांकडे. डिसेंबर 2021 मध्ये भोपाळ आणि इंदूरला पोलीस आयुक्त मिळाले. ग्वाल्हेरसाठी मी आयुक्त मागत नाही, दोन पायी चालणारे आरक्षक मागतो आहे.

माझ्या पत्नीने त्या रात्रीनंतर उंबरठा ओलांडलेला नाही. दारावर कोणी आले तरी ती आतल्या खोलीत जाते. जी बाई आयुष्यभर एकटी बाड्यावरच्या बाजारपेठेत बाजारहाट करून आली, तिला मी भाजी आणून देतो आहे, आणि हे नुकसान कोणत्याही रोजनाम्यात लिहिले जाणार नाही.

आमचा गुन्हा योग्य कलमांखाली नोंदवला जावा. बीटवरची माणसे बंदोबस्तासाठी काढायची असतील तर त्यांच्या जागी दुसरी दिल्याशिवाय काढू नयेत, असा लेखी आदेश निघावा, आणि कोणत्या रात्री कोणत्या बीटवर कोण होते हे थाण्याच्या फलकावर रोज लागावे. कलम 173 च्या पोटकलम 4 खाली मी पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला आहे; तिथे दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे जाईन. त्या अर्जाची आणि रुग्णालयाच्या कागदांची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे.

आपला,
लश्कर, ग्वाल्हेर येथील एक ज्येष्ठ नागरिक