यलो फीव्हरची लस: दिवसांचा हिशेब तिकिटाआधी सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नैरोबीत राहतात. दिवाळीनंतर आठवडाभर त्यांच्याकडे जावे म्हणून आम्ही दोघे, मुलगा, सून आणि सोळा महिन्यांचा नातू अशा पाच जणांची १२ नोव्हेंबरला जाण्याची व १९ नोव्हेंबरला परतण्याची तिकिटे काढली. तिकिटे देणाऱ्याने व्हिसा, सामानाचे वजन, विमानातील शाकाहारी जेवण अशा सगळ्या गोष्टी आपुलकीने विचारल्या. लशीचा विषय मात्र पैसे भरून झाल्यावर, निघता निघता काढला. "यलो फीव्हरचे तेवढे बघून घ्या" या एका वाक्यामागे किती दिवसांचा हिशेब आहे, हे आम्हाला लसीकरण केंद्रावर गेल्यावर कळले.

केनियासारख्या यलो फीव्हरचा, म्हणजे पीतज्वराचा, धोका असलेल्या देशातून भारतात येणाऱ्याला या लशीचा आंतरराष्ट्रीय दाखला दाखवावा लागतो आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. या कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. हा रोग पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणाराच, घरोघरी आहे आणि रोग मात्र अजून देशात आलेला नाही. तो येऊ नये म्हणून दारावर पहारा हवाच. केवळ नैरोबी शहरात राहणाऱ्या प्रवाशाला ही लस घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना सहसा करत नाही, पण परतताना आपल्या विमानतळावर देशाचे नाव पाहिले जाते, शहराचे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि एकदा द्रावण तयार केले की ते सहा तासांत संपवावे लागते, म्हणून केंद्रे आठवड्यातले ठरावीक वार ठेवतात. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. आम्ही २४ ऑक्टोबरला गेलो, म्हणजे मोठ्यांचे ३ नोव्हेंबरला जमत होते. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, त्यामुळे डॉक्टरांनी आम्हा दोघांची औषधे आणि जुनी दुखणी नीट विचारली, अंड्याची ॲलर्जी आहे का तेही विचारले आणि मगच टोचले. सुनेच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि फॉर्मवर सासरचे, त्यामुळे तिला फॉर्म पुन्हा भरावा लागला. हा दाखला ज्या पिवळ्या पुस्तिकेत लिहून देतात, तिच्यावर खाडाखोड झाली तर दाखलाच बाद ठरू शकतो, हे तिथल्या परिचारिकेने समजावून सांगितले.

नातवाचे मात्र अडले. त्याला १४ ऑक्टोबरला आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली होती. तीही जिवंत विषाणूंची आणि हीही, तेव्हा मध्ये चार आठवडे जाऊ द्यायला हवेत असे केंद्रातील डॉक्टरांनी सांगितले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून त्यांनी मोजून दाखवले: लस ११ नोव्हेंबरला, दाखला लागू २१ला, आणि आम्ही मायदेशी परतणार १९ला. दोन दिवस कमी पडत होते. केंद्राची यात काहीच चूक नव्हती आणि बालरोगतज्ज्ञांनाही आम्ही प्रवासाचे काही बोललो नव्हतो. शेवटी फरकाची रक्कम भरून पाचही तिकिटे ४ डिसेंबरवर नेली.

माझे म्हणणे एवढेच आहे की पीतज्वराच्या देशांचे तिकीट देताना, पैसे घेण्याआधी, "लशीचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, लहान मुलाला नुकतीच दुसरी लस दिली असल्यास आधी डॉक्टरांना विचारा" ही दोन वाक्ये मराठीत छापून प्रवाशाच्या हाती देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. शिवाय अनेक जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. तिथे आठवड्यातून निदान एक दिवस ही लस मिळाली, तर वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना घेऊन गाव सोडून धावपळ करण्याची वेळ येणार नाही.

आणखी एक शंका. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो, मात्र आमच्या पुस्तिकांवर पासपोर्टचा क्रमांक लिहिला आहे आणि लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. नातवाचा नवा पासपोर्ट आल्यावर ही पुस्तिका तशीच चालेल, की जुना पासपोर्टही सोबत ठेवायचा, याचा खुलासा आरोग्य खात्याने आपल्या वृत्तपत्रातून केल्यास आमच्यासारख्या पुष्कळ कुटुंबांची सोय होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा